क्वालालंपूर ते सिंगापूर: जाताना विमान, येताना बस, सोबत आई आणि आबा

आधी निकाल सांगून टाकतो, बाकीचं ज्याला वाचायचं त्याने निवांत वाचा. क्वालालंपूर ते सिंगापूर आम्ही जाताना विमानाने गेलो आणि येताना बसने आलो. सोबत मिसेस, आई आणि आबा, आबांचं वय ७१ आणि दोन्ही गुडघे दुखरे. विमानाला मी पाचपैकी अडीच स्टार देतो आणि बसला चार. विमान कंपनीची थोडी चूक होती, ती पुढे सांगतो, पण अडीच स्टार त्याच्यासाठी नाही. एवढ्याशा अंतराला विमान घेतलं की म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होतात, हे मला कोणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं. कोणी सांगितलं नाही म्हणून मी लिहू राह्यलो.

अंतर किती ते बघा. दोन्ही शहरांच्या विमानतळांमधलं हवाई अंतर ३०० किमीच्या आसपास, रस्त्याने साधारण ३५०. आपल्या खान्देशच्या माणसाला पटकन समजेल असं सांगायचं तर तापी लाइनने जळगाव ते सुरत. तेवढंच. आपल्याकडे घरटी कोणी ना कोणी उधना-लिंबायतला आहे, तो रस्ता पायाखालचा, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत पाच-सहा तासात माणूस पोचतो, बांधून आणलेली भाकरी गाडीतच खातो, एक झोप काढतो आणि उतरतो. जळगावहून सुरतला विमानाने जायचा विचार कोणाच्या मनात येत नाही. पण मधे देशाची सीमा आली की आपण धरूनच चालतो की विमान पाहिजे, मी पण तसंच धरलं. ताई सिंगापूरला राहते, मुंबईहून क्वालालंपूरचं तिकीट स्वस्त मिळालं होतं, चार दिवस मलेशिया बघू आणि मग ताईकडे आठ दिवस, परत क्वालालंपूरहून मुंबई, असा सगळा बेत.

तिकिटावर वेळ होती १ तास १० मिनिटं. ११:३० ला निघून १२:४० ला पोचणार. मी आईला सांगितलं की दुपारचं जेवण ताईकडे. आई म्हणाली बरं, मग सकाळचं काही बांधत नाही.

हा १ तास १० मिनिटांचा आकडा काय असतो ते मला नंतर आमच्या जावयांनी, म्हणजे ताईच्या मिस्टरांनी समजावलं, ते ह्या कामात नाहीत पण महिन्यातून दोनदा हा प्रवास करतात. विमान जागेवरून हललं तिथून मोजायला सुरुवात, आणि दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहिलं की मोजणं बंद. म्हणजे धावपट्टीपर्यंत रांगेत सरकत जाणं, उडणं, उतरणं, उतरल्यावर परत सरकत गेटला लागणं, सगळं त्यात आलं. प्रत्यक्ष हवेत आम्ही ४० मिनिटं होतो, मी घड्याळ लावून बघितलं. मोठं विमान ताशी ८०० किमीच्या वेगाने उडतं मग ३०० किमीला २२-२३ मिनिटं लागायला पाहिजे असा हिशेब कोणी केला तर तो चुकतो, कारण एवढ्या जवळच्या प्रवासात विमान वर चढतं, जरा सरळ होतं न होतं तोच खाली उतरायला लागतं, पूर्ण वेगाने उडायला त्याला वेळच मिळत नाही. पाणी विचारायला येणारी एअर होस्टेस आमच्या ओळीपर्यंत पोचली आणि तेवढ्यात पट्टे बांधायची घोषणा झाली. आबांनी मला विचारलं, "उनं का सिंगापूर?" आणि खरंच आलं होतं.

तर हवेतली ४० मिनिटं सुंदर. खाली मलाक्काची सामुद्रधुनी, जहाजंच जहाजं, एवढी जहाजं एका ठिकाणी उभी मी कधी बघितली नव्हती. ह्याबद्दल कंपनीला पूर्ण मार्क, विमान स्वच्छ होतं, पायलटने अलगद उतरवलं. हाल झाले ते ह्या ४० मिनिटांच्या आधी आणि नंतर.

आमचं हॉटेल ब्रिकफील्ड्समध्ये, म्हणजे केएल सेंट्रल स्टेशनच्या जवळ, तिथे आपल्या लोकांचं जेवण मिळतं म्हणून मुद्दाम घेतलेलं. सकाळी साडेसातला निघालो. विमानतळ शहरात नाहीच, तो सेपांगला आहे, ५० किमीच्या वर लांब. १९९८ साली तिकडे नवा विमानतळ केला, त्याच्या आधी सुबांगचा जुना विमानतळ होता तो शहराला जवळ. सेपांगला जायला केएलआयए एक्स्प्रेस म्हणून रेल्वे आहे, मधे कुठे थांबत नाही, टर्मिनल १ ला २८ मिनिटं आणि टर्मिनल २ ला ३३ मिनिटं. ही गाडी मात्र मानायला पाहिजे, मिनिटाला मिनिट धरून चालते, चढायला पायरी नाही, आबा स्वतः चढले. पण तिकीट माणशी ५५ रिंगिट. आम्ही गेलो तेव्हा रिंगिट वीसेक रुपयाला होता, म्हणजे चौघांचे साडेचार हजारांच्या आसपास फक्त विमानतळावर जायला लागले. आईला मी तेव्हा आकडा सांगितला नाही.

स्वस्त कंपन्यांची बरीच विमानं टर्मिनल २ वरून जातात. ते टर्मिनल म्हणजे आधी एक मोठा मॉल आणि त्याच्या मागे विमानतळ, दुकानांमधून चालत चालत वर जायचं. आबांसाठी मी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागितली होती, मेल पण आला होता. काउंटरवर मुलगी म्हणाली, नोंद दिसत नाही. मी मेल दाखवला. तिने फोन केला, थांबा म्हणाली. आम्ही ४० मिनिटं थांबलो. बसायला जवळ खुर्ची नव्हती, आबा बॅगांच्या ट्रॉलीला धरून उभे, त्यांना कोणाला त्रास द्यायला आवडत नाही म्हणून म्हणत होते की मी चालतो रे, कितलं दूर शे? मला त्या वेळेला जे वाटलं ते मी इथे लिहित नाही. खुर्ची आली, ढकलणारा पोरगा फार चांगला होता, त्याने आबांना पूर्ण गेटपर्यंत नेलं, पण ४० मिनिटं एका ७१ वर्षाच्या माणसाला उभं ठेवणं ही चूकच आहे आणि त्याच्याबद्दल कोणी सॉरीसुद्धा म्हटलं नाही. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांना तक्रार पाठवली आहे.

मग सिक्युरिटी. आईने ताईसाठी कैरीचं लोणचं आणलं होतं, घरच्या झाडाच्या कैऱ्या, बरणी मोठ्या बॅगेत ठेवायची ती ऐनवेळी हातातल्या पिशवीत राहून गेली. आंतरराष्ट्रीय विमानात हातातल्या सामानात पातळ वस्तूची बाटली १०० मिलीच्या वर चालत नाही, आणि तेलातलं लोणचं पातळच धरतात. काढून घेतलं. त्या बाईंनी नियमाने केलं, तिची चूक नाही, पण आईचा चेहरा उतरला तो ताईकडे पोचेपर्यंत तसाच. जळगावहून मुंबई, मुंबईहून क्वालालंपूर एवढं लांब जपून आणलेली बरणी शेवटच्या ३०० किमीला गेली.

पुढे इमिग्रेशन, मग एक लांबच लांब पूल चालत ओलांडून गेट, गेटवर कळलं की विमान २५ मिनिटं उशिरा. उतरल्यावर चांगी, म्हणजे सिंगापूरचा विमानतळ. चांगीबद्दल कोणी वाईट बोलूच शकत नाही, खाली गालिचा, जागोजागी बसायला, पाण्याचे नळ, माणसं हसून बोलतात. व्हीलचेअर तिथे दारातच उभी होती. तरी चालणं आहेच, इमिग्रेशन आहे, बॅगांचा पट्टा आहे, आणि मग टॅक्सी. ताईच्या दारात पाय ठेवला तेव्हा २:३५ झाले होते. साडेसात ते दोन पस्तीस, म्हणजे ७ तास ५ मिनिटं, त्यातली हवेतली ४० मिनिटं.

संध्याकाळी आई ताईजवळ बसून बोटं मोजत होती. मी विचारलं काय मोजतेय तर म्हणाली, आबांना आज किती वेळा उठावं लागलं ते. अकरा. मला तिथे खरं समजलं. म्हाताऱ्या माणसाला नुसतं बसून राहायचं असलं तर सहा तास काहीच नाहीत, जळगाव-मुंबई ते असेच बसून जातात, एकदा खिडकी मिळाली की झालं. त्यांना त्रास होतो तो उठबस करण्याचा. रांगेत उभं राहा, पुढे सरका, बेल्ट काढा, बूट काढा, परत घाला, परत चाला. तिकिटावर तास-मिनिटं छापलेली असतात, पण किती वेळा उठायचं हे कुठेच लिहिलेलं नसतं आणि आपण आई-वडिलांना नेतो तेव्हा हिशेब त्याचाच करायला पाहिजे.

मग मी ठरवलं की येताना बस. जावयांनी ह्या मार्गाची बरीच माहिती दिली. क्वालालंपूर-सिंगापूर हा जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या आंतरराष्ट्रीय विमानमार्गांपैकी एक आहे, कोरोनाच्या आधी वर्षाला ३० हजारांहून जास्त फेऱ्या ह्या दोन शहरांमधे व्हायच्या. २००८ च्या आधी स्वस्त कंपन्यांना इथे उडायची परवानगीच नव्हती, दोन्ही देशांच्या मोठ्या कंपन्याच उडायच्या आणि भाडं भरपूर होतं. नंतर तिकिटं उतरली आणि गर्दी वाढली. मधे दोन्ही सरकारांनी ३५० किमीची बुलेट ट्रेन ठरवली होती, दीड तासात पोचवणार होती, करार पण झालेला, पण २०२० च्या डिसेंबरअखेर तो करार संपला, मलेशियाला सिंगापूरला दहा कोटी डॉलरच्या वर भरपाई द्यावी लागली. ती ट्रेन झाली असती तर हा लेख मी लिहिलाच नसता, आबांना एका डब्यात बसवलं असतं आणि उतरवून घेतलं असतं. आत्ता जोहोर बाहरू ते सिंगापूरच्या वुडलँड्सपर्यंत चारेक किमीची आरटीएस नावाची छोटी लाइन होते आहे, पण तिने फक्त सीमा ओलांडता येईल, क्वालालंपूर नाही.

बसचा दिवस. मुद्दाम बुधवार घेतला, त्याचं कारण पुढे. ताईकडून सकाळी ७ ला निघालो, ८:१५ ची बस. ह्या मार्गावरच्या चांगल्या बसमधे एका ओळीत तीनच सीट असतात, एका बाजूला दोन आणि एका बाजूला एक, सीट एवढी रुंद की आबा पाय वर घेऊन मांडी घालून बसले. पाय टेकायला खालून फळी वर येते. आपल्याकडे पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्समधे जी सीट मिळते तिच्यापेक्षा दीडपट मोठी. एसी मात्र कडक, शाल पाहिजेच पाहिजे, आईने दोन घेतल्या होत्या म्हणून निभावलं. बसमधे संडास नव्हता, ह्या मार्गावर बहुतेक बसमधे नसतो, हे घरच्या मोठ्या माणसांना आधी सांगून ठेवा म्हणजे पाणी बेताने पितील. एक स्टार मी त्याच्यासाठीच कापला.

सिंगापूरमधून बाहेर पडायचे दोन रस्ते. एक वुडलँड्सचा जुना कॉजवे, इंग्रजांच्या काळातला, १९२० च्या दशकातला, जेमतेम एक किमीचा आणि कायम भरलेला. दुसरा तुआसचा पूल, तो १९९८ चा. आमची बस तुआसवरून गेली. पहिल्यांदा सिंगापूरची चौकी, तिथे बॅगा बसमधेच ठेवून फक्त पासपोर्ट घेऊन उतरलो, शिक्के नाहीत काही नाहीत, दहा मिनिटात परत बसमधे. मग पूल, खाली पाणी, आणि पलीकडे मलेशियाची चौकी. तिथे सगळं सामान उतरवून मशीनमधून काढायचं. नियम सोपा आहे, ज्या देशातून निघता तिथे सामान गाडीतच, ज्या देशात शिरता तिथे सामान खाली. जाताना उलटं होईल हे लक्षात ठेवा.

मलेशियाच्या काउंटरवर दोन्ही हातांच्या तर्जन्या मशीनवर ठेवायच्या असतात. आईची बोटं मशीन घेईना. चाळीस वर्षं निंदणी, कापूस वेचणी, चुलीवरच्या भाकरी, रेषा घासून गेल्या आहेत. एकदा, दोनदा, तीनदा. मागे रांग. मला भीती वाटत होती की ड्रायव्हर थांबेल का नाही, कारण बसवाले इथे फार वेळ थांबत नाहीत असं ऐकलं होतं, उशीर झाला तर त्याच कंपनीच्या मागच्या बसने या म्हणतात. काउंटरवरची बाई डोक्याला स्कार्फ बांधलेली, तिने आईचा हात हातात घेतला, ओल्या टिश्यूने बोट पुसलं, मशीनवर हळूच दाबून धरलं आणि घेतलं. आईला भाषा कळत नव्हती, तिला आईची, पण निघताना आईने तिला हात जोडले आणि तिने पण छातीला हात लावला. आमचा ड्रायव्हर थांबला होता. त्याने माणसं मोजली, आबांना हात देऊन वर घेतलं आणि मग गाडी काढली. मला ह्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं ह्याचं वाईट वाटतं.

मला तर तिथे आपलं नवापूर स्टेशन आठवलं. अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत, एकाच बाकावर दोन राज्यं, आणि कोणी पासपोर्ट मागत नाही.

सीमेवरचे दोन्ही मिळून आमचे ५० मिनिटं गेले. आता बुधवार का ते सांगतो. शुक्रवार संध्याकाळ, शनिवार सकाळ, रविवार रात्र आणि सिंगापूरच्या शाळांच्या सुट्ट्या, ह्या वेळेला ह्याच दोन चौक्यांवर चार-चार तास अडकतात लोक. सुट्टीच्या दिवसात दोन्ही चौक्या मिळून एका दिवसात पाच लाखांच्या वर माणसं येतात-जातात, म्हणजे आपलं अख्खं जळगाव शहर एका दिवसात सीमा ओलांडतं. त्या दिवसात म्हातारी माणसं सोबत असतील तर बस घेऊच नका, मग विमानच बरं.

सीमा गेली की पुढे नुसता सुख. नॉर्थ-साउथ एक्स्प्रेसवे, एक खड्डा नाही, आणि दोन्ही बाजूला तेलाची पाम झाडं. दहा मिनिटं नाही, दोन-अडीच तास तेच. आबा खिडकीला चिकटले. मधे ट्रकमधे ती फळांची लाल-काळी घडं भरून चालली होती तेव्हा त्यांनी मला हलवून दाखवलं. आपल्याकडे जे पामतेल येतं ते इथून आणि इंडोनेशियातून येतं, ते दोन देशच जगातलं बहुतेक पामतेल काढतात. आबा जन्मभर कपाशीवाले, सरकीचं तेल घरचं, आणि त्या तेलाला कोणी विचारत का नाही हे त्यांना त्या खिडकीतून दिसू राह्यलं होतं. किती एकर असेल, पाणी किती लागतं, घड किती वर्षांनी लागतो, मला जेवढं येत होतं तेवढं मोबाईलवर बघून सांगत होतो. विमानात ४० मिनिटांत ते एक वाक्य बोलले होते. बसमधे थांबेचनात.

अर्ध्या रस्त्यात २० मिनिटं थांबा. हायवेवरची ही थांबायची ठिकाणं ते लोक आर अँड आर म्हणतात, संडास स्वच्छ, चढायला उतार केलेला, फळांची दुकानं. तिथे तळलेली केळी मिळतात, पिसांग गोरेंग, वरून कुरकुरीत आतून मऊ. जळगावचा माणूस केळं बघितल्यावर सोडत नाही, आम्ही दोन पुडे घेतले. केळं लहान आणि गोड, आपल्या रावेर-यावलच्या केळ्याची ती लांबी नाही पण तळायला ते जास्त चांगलं, मिसेसने घरी येऊन दोनदा करून बघितलं, तसं जमलं नाही. बाकी आम्ही ताईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, बसमधे कोणी काही काढून घेत नाही.

२:२० ला क्वालालंपूरच्या टीबीएस बसस्टँडवर. त्याला बसस्टँड म्हणायला जीभ धजत नाही, विमानतळासारखं आहे, पाट्यांवर गाड्यांच्या वेळा, सरकते जिने. शहरापासून जरा बाहेर आहे, तिथून टॅक्सीने हॉटेल ३ वाजता. म्हणजे ताईचं दार ते हॉटेल ८ तास. विमानापेक्षा एक तास जास्त फक्त. आणि आबा किती वेळा उठले? पाच. आईने मोजलं होतं.

पैशाचं सांगतो. विमानाने चौघांचं तिकीट सामानासकट ९२० रिंगिट, विमानतळाची रेल्वे २२०, वर सिंगापूरची टॅक्सी, सगळं मिळून पंचवीस हजार रुपयांच्या आसपास. बसने माणशी ३५ सिंगापूर डॉलर, दोन्हीकडच्या टॅक्सी धरून अकरा-साडेअकरा हजार. बसचं तिकीट सिंगापूरहून निघताना डॉलरमधे असतं म्हणून महाग पडतं, क्वालालंपूरहून निघालात तर त्याच सीटला कमी लागतं, जाताना आम्ही बस घेतली असती तर अजून वाचले असते.

विमान कोणी घ्यावं? एकटा माणूस, पाठीवर एक सॅक, सकाळी जाऊन संध्याकाळी काम आटपून परत, त्याने विमानच घ्यावं. आणि मुंबईहून क्वालालंपूरला उतरून शहरात न जाता तसंच पुढे सिंगापूरला जायचं असेल तर पण विमानच, कारण तुम्ही विमानतळावर आधीच आहात, शहरातून सेपांगला जायचे ते दीड-दोन तास आणि ५५ रिंगिट वाचतात. फक्त दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मधे चार-पाच तास ठेवा, पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही. सुबांगच्या जुन्या विमानतळावरून पण २०२४ पासून परत मोठी विमानं उडायला लागली आहेत, तुमचं हॉटेल त्या बाजूला असेल तर ते बघा.

कागदपत्रांचं एक आहे, त्यात बरेच लोक फसतात. सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो, तो आधी काढायचा. मलेशियाला आत्ता आपल्याला ३० दिवसांसाठी व्हिसा लागत नाही, २०२६ च्या अखेरपर्यंत ही सवलत आहे. पण दोन्ही देशांना पोचायच्या तीन दिवसांच्या आत मोबाईलवर एक फॉर्म भरावा लागतो, सिंगापूरचा एसजी अरायव्हल कार्ड आणि मलेशियाचा एमडीएसी, आणि मलेशियात दुसऱ्यांदा शिरताना परत भरायचा, पहिला चालत नाही. दोन्ही फुकट आहेत. पैसे मागणारी साइट उघडली तर ती बंद करा, सरकारी साइटवर जा. माणशी एक फॉर्म, आई-आबांचा पण वेगळा, आणि त्याचे फोटो काढून ठेवा, बॉर्डरवर नेट चालेलच असं नाही.

आणि वेळेचं एक. क्वालालंपूर आणि सिंगापूरचं घड्याळ एकच आहे, १९८२ पासून दोघांनी एकत्रच अर्धा तास पुढे केलं, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. त्यामुळे तिकिटावर दिसते तेवढीच वेळ खरी. पण आमच्या शेजारच्यांनी बँकॉक-सिंगापूर काढलं होतं, त्यांचा घोळ झाला. तिथलं अंतर १४०० किमीच्या वर, विमान साधारण २ तास २५ मिनिटं घेतं, पण बँकॉकचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. म्हणून जाताना तिकिटावर निघायची-पोचायची वेळ बघितली तर साडेतीन तास वाटतात आणि येताना दीड तास. ते मला विचारत होते की येताना विमान जास्त पळतं का. तसं नाही, दोन्ही वेळा तेवढंच लागतं. आणि त्या अंतराला बस-रेल्वेचा विचार करूच नका, दीड-दोन दिवस जातात, तिथे विमान एके विमान.

बसचं तिकीट काढताना सीट निवडता येते, तेव्हा एक लक्षात ठेवा. सिंगापूरहून सकाळी निघालात तर ऊन उजव्या हाताला येतं, गाडी उत्तरेकडे जाते. डाव्या खिडक्या घ्या. आम्हाला माहीत नव्हतं, आबा उजवीकडे बसले होते, अर्धा रस्ता त्यांनी पडदा नाकापर्यंत ओढून खालच्या फटीतून पाम बघितली, आणि मी म्हटलं इकडे या तर सीट सोडायला तयार नव्हते.